थोर गणिती अल्-ख्वारिज्मी



संगणकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाची पुस्तके चाळलीत तर अल्गोरिदम हा शब्द तुम्हांस पानोपानी दिसेल. अनेक मुले या विषयाला बिचकतात आणि हे आपल्या आवाक्यातले नव्हे, असे घरची माणसेही समजून बसतात. परंतु हा शब्द मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी या विद्वानाच्या नावावरून आला आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

त्यांचा जन्म इ.स. ७८० च्या सुमारास झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेकडील ख्वारिज्म प्रदेशावरून त्यांचे नाव पडले. खलिफा अल्-मामून यांच्या कारकिर्दीत (इ.स. ८१३ ते ८३३) ते बगदादच्या बैत-उल-हिकमा या ज्ञानगृहात काम करीत. ज्ञान कोणत्या देशाचे वा धर्माचे, हा भेद तेथे नव्हता. शून्याच्या साहाय्याने संख्या लिहिण्याची भारतीय पद्धत त्यांनी एका ग्रंथात समजावून दिली. मूळ अरबी ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला. तेथे त्यांचे नाव अल्गोरिटमी झाले आणि त्यावरूनच पुढे अल्गोरिदम हा शब्द रूढ झाला.

इ.स. ८२० च्या सुमारास त्यांनी अल्-जब्रवरील ग्रंथ लिहिला. त्यावरून बीजगणिताला अल्जिब्रा हे नाव मिळाले. वारसाहक्काची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी अशा रोजच्या व्यवहारातील अडचणी सोडविणे हा त्याचा हेतू होता. वडिलांच्या मागे मुलामुलींना किती हिस्सा जावा, याची अनेक उदाहरणे त्यात आहेत.

त्यांची रीत पाहा. एका संख्येच्या वर्गात तिची दहापट मिळविली तर ३९ होतात. ती संख्या कोणती? दहाचे निम्मे ५, त्याचा वर्ग २५, त्यात ३९ मिळविले की ६४. त्याचे वर्गमूळ ८, त्यातून ५ वजा केले की ३. उत्तर ३! पायरी पुढे पायरी, कोठे संदिग्धता नाही. हाच अल्गोरिदम.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. चौरसाच्या दोन बाजूंना पाच-पाच रुंदीचे पट्टे जोडून, कोपऱ्यातील २५ ची रिकामी जागा भरून, ही रीत बरोबर का आहे हे त्यांनी आकृतीने सिद्ध केले. मित्रांनो, दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी नेमके येथेच अडतात. कार्यक्रम पाठ होतो, पण तो का चालतो हे कळत नाही. अकारविल्हे लावलेल्या १००० नावांच्या यादीत दर वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी सोडून दिली, तर जास्तीत जास्त १० वेळा पाहून हवे ते नाव सापडते. हे घोकू नका. कागदावर दहा नावे लिहून स्वतः करून पाहा.

इ.स. ८५० च्या सुमारास अल्-ख्वारिज्मी यांचे निधन झाले. त्यांची रीत मात्र आज प्रत्येक संगणकात जिवंत आहे.

पालकहो, दुसऱ्या वर्षी एखाद्या विषयात मुलगा वा मुलगी नापास झाली, म्हणून शिक्षण थांबवू नका. अडलेली पायरी शोधावी आणि तेथून पुन्हा सुरुवात करावी, हीच या थोर गणितीची खरी शिकवण होय.