पक्षी पकडणाऱ्यांनाच सलीम अलींनी पक्षी वाचवायच्या कामाला लावलं, पण म्हशीवाल्यांचं ऐकायचं राहून गेलं

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख ही मारुती चितमपल्लींच्या जन्माची आणि १२ तारीख डॉ. सलीम अलींच्या जन्माची. त्या आठवड्यात गळ्यात दुर्बीण आणि पांढरी दाढी असलेला एक फोटो प्रत्येकाच्या स्टेटसवर दिसतो. खाली लिहिलेलं असतं, भारताचे पक्षीपुरुष.

पण या माणसाच्या आयुष्यातला एक धडा कुठल्याच पोस्टमध्ये नसतो. पक्ष्यांबद्दलचं खरं ज्ञान कुणाकडे असतं, पुस्तकवाल्यांकडे की रोज रानात फिरणाऱ्यांकडे? सलीम अलींना याचं उत्तर दोनदा मिळालं. एकदा ते जिंकले आणि एकदा चुकले.

सुरुवातीपासून बघू.

१८९६ साली मुंबईतल्या खेतवाडीत सलीम अलींचा जन्म झाला. भावंडांत सगळ्यात धाकटे. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळ केला. घरात शिकारीचा नाद होता. दहाबारा वर्षांच्या सलीमने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी हे घरात कुणालाच सांगता येईना, तेव्हा मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं त्याच्यासमोर उघडली आणि पोरगं कायमचं अडकलं.

म्हणजे पक्षीपुरुषाची गोष्ट सुरू होते ती एका शिकारीपासून. म्हणूनच असेल कदाचित, पण शिकाऱ्यांकडे नाक मुरडून बघायची सवय त्यांना कधी लागली नाही.

पुढे त्यांनी बर्मात घरचा धंदा केला, तो बसला. मुंबईच्या संग्रहालयात गाईड म्हणून नोकरी केली. बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकले आणि १९३० मध्ये परत आले, तर हातात काम नव्हतं. मग पत्नी तेहमिना यांच्यासोबत अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणीचं निरीक्षण करताना त्यांच्या लक्षात आलं की नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन ते बघते, पसंत पडलं तरच राहते आणि मग नर पुढच्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो. प्रयोगशाळा नव्हती. होती फक्त चिकाटी.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांमधले पक्षी त्यांनी रानोमाळ हिंडून नोंदवले. १९३९ मध्ये तेहमिना गेल्या. १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि सामान्य माणसाच्या हातात पक्षी ओळखायचं पुस्तक पडलं. नंतर डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी दहा खंडांचा पक्षीकोश लिहिला. त्यात पक्ष्यांची भारतीय भाषांमधली नावंही दिली. लोकांनी पक्ष्याला ठेवलेलं नाव हीसुद्धा माहितीच असते, हे त्यांना कळत होतं.

आता येऊ भरतपूरला.

१९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं आणि माणसं एका तापाने मरायला लागली. हा विषाणू रशियातल्या एका विषाणूसारखा निघाला. मग शंका आली की हिवाळ्यात तिकडून येणारे पक्षी गोचिडांमार्फत तो आणत असतील का? जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि १९५९ पासून सलीम अलींनी स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं मोठं काम सुरू केलं. कडीवर नंबर असायचा. पक्षी पुढे कुठे सापडला की तो कुठून कुठे गेला हे कळायचं.

अडचण एकच होती. हजारो पक्षी जिवंत आणि धडधाकट पकडायचे कुणी? पदवी घेतलेल्यांना ते जमणारं नव्हतं.

हे जमायचं बिहारमधल्या मीरशिकारांना. पिढ्यानपिढ्या पक्षी धरून विकणारा हा समाज. कुठला पक्षी कधी पाण्यावर उतरतो, रात्री कुठे बसतो, कुठल्या आवाजाला बिचकतो, हे त्यांना पाठ होतं. फासे, जाळी आणि चिकट लासा ही त्यांची हत्यारं. बीएनएचएसने या लोकांना कामावर घेतलं. तेच हात, तेच फासे, फक्त पकडलेला पक्षी बाजारात जाण्याऐवजी पायात कडी घालून परत आकाशात जायला लागला. भारतात कडी घातलेले पक्षी तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये सापडले आणि त्यांचे प्रवासाचे रस्ते कागदावर आले.

या कामाचं मोठं केंद्र होतं भरतपूर. हे तळं मुळात महाराजांच्या शिकारीसाठी राखलेलं. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग म्हणजे तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीसाठी वाटायची मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंपर्यंत शब्द टाकून हे तळं वाचवलं.

आणि इथेच ते चुकले.

आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या या पाणथळीत चरत होत्या. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की गुरं बाहेर, हा तेव्हाचा सर्वमान्य विचार होता. सलीम अलींचंही तेच मत होतं. १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी चिडले, संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे जीव गेले.

म्हशी गेल्या, तर पक्षी वाढायला हवे होते. झालं उलटंच. म्हशी जे पाणगवत खायच्या आणि तुडवायच्या, ते मोकाट वाढलं. उघडं पाणी झाकलं गेलं. बदकांना पोहायला जागा उरेना. सायबेरियन क्रौंच उथळ पाण्यातले कंद उकरून खायचे, त्यांनाही ते गवत अडचणीचं झालं.

हे कुणी शोधलं? खुद्द बीएनएचएसने. १९८० च्या दशकात संस्थेने भरतपूरचा दहा वर्षं अभ्यास केला. त्यातून दिसलं की म्हैस ही त्या तळ्याची शत्रू नव्हती, ती त्याची राखण करत होती.

मीरशिकारांचं ज्ञान घेतलं गेलं, कारण ते संशोधनाच्या उपयोगाचं होतं. म्हशीवाल्यांच्या अनुभवाला कुणी ज्ञान म्हटलंच नाही, कारण तो उद्यानाच्या नियमात बसत नव्हता. फरक इतकाच होता.

या गोष्टीला एक शेवटचा तुकडा आहे. १८४८ मध्ये नोंदवला गेलेला जर्डन्स कोर्सर हा पक्षी १९०० नंतर कुणालाच दिसला नव्हता. मोठमोठ्या तज्ज्ञांनी शोधला, सलीम अलींनीही शोधला. शेवटी बीएनएचएसचे संशोधक आंध्रातल्या कडप्पा भागात चित्र घेऊन गावोगाव फिरले आणि स्थानिक शिकाऱ्यांना विचारलं. पक्षी त्यांच्या ओळखीचा निघाला. तो रात्री हिंडणारा होता आणि तज्ज्ञ त्याला दिवसा शोधत होते. जानेवारी १९८६ मध्ये रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात तो सापडला. सलीम अली तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये ते गेले.

भरतपूरला सायबेरियन क्रौंचाची शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात आली. त्याचा दोष एकट्या गवताला देता येणार नाही, वाटेत होणाऱ्या शिकारीनेही ते संपले. पण पुढे भरतपूरच्या उद्यानाने गवत कापून न्यायला त्याच गावकऱ्यांना आत घेतलं. आज तिथले सायकल रिक्षावाले पर्यटकांना पक्षी ओळखून दाखवतात.

त्यामुळे यंदा पक्षी सप्ताहात सलीम अलींचा फोटो टाकाल, तेव्हा तुमच्या गावच्या तळ्याकाठी गुरं चारणाऱ्या माणसालाही एकदा विचारा, इथे कुठले पक्षी येतात आणि कुठले यायचे बंद झाले. वीसतीस वर्षांची नोंद त्याच्या डोक्यात असेल.