घोड्यांच्या डॉक्टरने चाकात हवा भरली!

तुमच्या सायकल ग्रुपवर हा वाद कधी ना कधी झालाच असेल. एकजण म्हणतो, फ्रेम घ्यायची तर टायटॅनियमची, खड्डा लागला तरी कळत नाही. दुसरा म्हणतो, सोड रे, कार्बनसारखं हलकं आणि मऊ काही नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. टायटॅनियमचा कडकपणा पोलादाच्या साधारण निम्मा. त्यामुळे नळी तशी घडवली तर ती किंचित लवते. कार्बनमध्ये तर धाग्यांचे थर कुठल्या दिशेने लावायचे हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. पॅडलपाशी फ्रेम कडक ठेवा, सीटखाली जरा लवू द्या, जमतं. पण दोन्ही फ्रेम शेवटी त्रिकोणांच्या, आणि त्रिकोण वरून दाबला तर फारसा दबत नाही. रस्त्याचा हादरा तुमच्या पाठीपर्यंत पोचण्याआधी त्यातला बराचसा गिळणारी गोष्ट फ्रेमच्या खाली असते. टायरमधली हवा.

ती हवा तिथे कशी आली, हे तुम्हाला माहीत आहे का? ती भरणारा माणूस इंजिनीअर नव्हता. जनावरांचा डॉक्टर होता.

डनलॉप हे नाव तुमच्या आजीला विचारा. ती टायरचं नाही, गादीचं सांगेल. तीही त्याच कंपनीची देणगी. पण या नावामागे एक दाढीवाला, शांत, तब्येतीला जपणारा माणूस होता. जॉन बॉइड डनलॉप. जन्म ५ फेब्रुवारी १८४०, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी, शेतकऱ्याच्या घरात. आपण दिवस भरण्याआधी जन्मलो हे त्याच्या मनाने असं काही घेतलं होतं, की तो आयुष्यभर स्वतःला नाजूकच समजत राहिला. एडिंबरामध्ये पशुवैद्यकीचं शिक्षण घेऊन एकोणिसाव्या वर्षी तो डॉक्टर झाला. म्हणजे तुमच्यातले काहीजण सेकंड इयरला असतात त्या वयात! १८६७ मध्ये तो आयर्लंडला गेला आणि पुढे बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर त्याचा दवाखाना जोरात चालू लागला.

आता १८८७ साल. मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. चाकांना भरीव रबर, खाली बेलफास्टचे दगडी रस्ते. पोराची हाडं खिळखिळी होत असणार. बापाने काय केलं, तर लाकडाची एक मोठी तबकडी घेतली, जवळपास मीटरभर व्यासाची. रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून ती तबकडीच्या कडेने कापडात गुंडाळून ठोकली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा मारली. मग अंगणात दोन चाकं सोडली, आधी सायकलचं भरीव रबराचं आणि मग हे.

भरीव चाक अंगणाच्या टोकापर्यंतही पोचलं नाही. हवेचं चाक सुसाट गेलं, फाटकाला धडकलं आणि उसळून मागे आलं.

इथे जरा थांबा, कारण खरी गंमत इथेच आहे. डनलॉप निघाला होता मुलाला आराम द्यायला, आणि हाती लागला वेग. का? भरीव चाकासमोर खडा आला की अख्खी सायकल, वर बसलेल्या माणसासकट, तेवढी उचलावी लागते. त्यात ताकद वाया जाते. हवेचं चाक खड्याला पोटात घेतं, सायकल सरळ पुढे जाते. म्हणजे आरामदायी राईड आणि वेगवान राईड या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गंमत म्हणजे रेसिंगवाल्यांना हे पुन्हा नव्याने शिकावं लागलं. कित्येक वर्षं ते २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये दगडासारखी हवा भरत होते. आता तेच लोक २८ आणि ३० मिलिमीटरवर, कमी हवेवर आलेत.

डिसेंबर १८८८ मध्ये डनलॉपला पेटंट मिळालं. मे १८८९ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या स्पोर्ट्‌समध्ये विली ह्यूम हा सायकलपटू हे जाडजूड टायर लावून उतरला आणि चारही शर्यती मारून बाहेर पडला! हरलेल्यांमध्ये हार्वे ड्यू क्रो नावाच्या आयरिश व्यावसायिकाची मुलं होती. बापाने पोरांना ओरडण्याऐवजी डनलॉपला गाठलं. त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली आणि पेटंट कंपनीकडे गेलं. डनलॉपच्या वाट्याला थोडी रोकड आणि काही शेअर्स आले.

आणि मग घात झाला. पेटंट मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच कळलं, की ते टिकणार नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती. थॉमसनने लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला हवेची चाकं लावून दाखवलीसुद्धा होती. पण तेव्हा रबर महाग होतं आणि पॅडलची सायकल जन्मायची होती. लोक विसरून गेले.

डनलॉपला थॉमसन ठाऊक नव्हता. मग त्याला संशोधक म्हणायचं की नाही? माझं मत विचाराल तर, कल्पना थॉमसनची, पण चाक फिरवलं डनलॉपने. कोर्टाला मात्र असली वाटणी चालत नाही. कंपनी वाचली ती दुसऱ्यांच्या पेटंटांवर. वेल्श आणि बार्टलेट यांनी १८९० मध्ये टायर रिमवर बसवायच्या आणि काढायच्या पद्धती शोधल्या होत्या, त्या कंपनीने विकत घेतल्या. आज तुम्ही रस्त्याकडेला बसून पंक्चर काढता, ती या दोघांची कृपा. डनलॉपचा टायर तर चाकाला चिकटवलेला असायचा.

१८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडला आणि बहुतेक शेअर्स विकून टाकले. पुढच्याच वर्षी ड्यू क्रोने कंपनी तीस लाख पौंडांना विकली, आणि घेणाऱ्याने लगेच ती पन्नास लाखांना बाजारात आणली. एक वर्ष! शेअर बाजारात हात पोळलेला तुमचा एखादा मित्र असेल तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. जगभर टायरवर आपलं नाव छापलं जात असताना डनलॉप डब्लिनमध्ये राहत होता आणि एका कापड दुकानाच्या व्यवहारात लक्ष घालत होता. स्वतःला नाजूक समजणारा हा माणूस एक्क्याऐंशी वर्षं जगला. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तो गेला. टायरच्या जन्माची त्याने लिहून ठेवलेली हकीकत त्याच्या मुलीने नंतर पुस्तकरूपाने छापली.

पुढे कित्येक वर्षांनी उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्दर्न बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्याचा दाढीवाला चेहरा छापला.