बाबूराव पेंटर: कोल्हापुरात कॅमेरा जुळवणारा चित्रकार

जुना फिल्म कॅमेरा उघडायचा म्हटलं की आपला हात थबकतो. माझा थबकला नाही, त्याचं श्रेय बाबूराव पेंटरांना. म्हणून आज आधी त्यांची गोष्ट.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मले. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, त्यावरून ‘पेंटर’ हेच नाव पडलं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर आणला. खेळ लावायचे आणि यंत्रही समजून घ्यायचे.

कॅमेरा बनवायचा तर प्रोजेक्टर कशाला? कारण दोन्हींचा जीव एकच. फिल्म क्षणभर थांबते, शटर मिटतं, मग चार छिद्रांइतकी पुढे सरकते. एकात प्रकाश बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो, एवढाच फरक. खरी अडचण अचूकपणाची. चौकट जेमतेम २४ मिमी रुंद. सहा मीटरच्या पडद्यावर ती २५० पट होते. म्हणजे फिल्म ०.१ मिमी हलली तर पडद्यावर चित्र अडीच सेंटीमीटर उडतं!

काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. इथेच सगळं थांबलं असतं. पण बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. मला त्यांच्या पुढच्या यशापेक्षा ही दोन वर्षं जास्त मोठी वाटतात.

आता आपल्या कामाचा मुद्दा. ही फिल्म ३५ मिमी रुंद, पण चित्र २४ मिमीच, कारण कडेच्या जागेत छिद्रं. चित्र केवढं पडणार हे कॅमेऱ्याची आतली चौकट ठरवते. ती मोठी असेल तर छिद्रांवरही चित्र उमटतं. मी घरातल्या आगफा क्लिक थ्रीमध्ये हेच केलं. हा १२० फिल्मचा, चौरस फोटोचा कॅमेरा. त्यात ३५ मिमीचा रोल वर-खाली अडकण लावून बसवला, मागची लाल खिडकी काळ्या टेपने बंद केली (मागे कागद नसल्याने तिथून उजेड शिरतो) आणि फिल्म वेढे मोजून पुढे नेली. रोल काढायचा तो पूर्ण अंधारातच. नेहमीच्या ३६ ऐवजी साधारण ५६ मिमी रुंद फोटो मिळतो.

लेन्स तीच असल्यामुळे कॅमेऱ्याची नजर काही रुंदावत नाही, वरखालचं कापलं जातं. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर सुमारे १.८ किमी व्यासाचं. ते काही मावलं नाही. पण तळं आणि समोरचा काठ एका लांबट पट्टीत आले, छिद्रांसकट. मला तरी आवडलं बुवा.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये झळकला. गंमत म्हणजे पडदे रंगवण्यात आयुष्य गेलेल्या या माणसाने सिनेमात रंगवलेले पडदे सोडून खोली असलेले सेट उभारले. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) कृत्रिम प्रकाश वापरला. दामले, फत्तेलाल आणि शांताराम याच कंपनीत तयार झाले. १९२९ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. बोलपट आल्यावर बाबूरावांचे मोजकेच चित्रपट आले. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.