नाथांची अर्जदस्त

फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी. पैठणच्या या उत्सवाशी खानदेशाचा जुना ऋणानुबंध आहे. कारण शांतिब्रह्म एकनाथ महाराजांचे सद्गुरू जनार्दनस्वामी हे मूळचे चाळीसगावचे. निजामशाहीत देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार पाहत असतानाही त्यांची दत्तोपासना अखंड चालू होती.

संत भानुदासांच्या कुळात इ. स. १५३३ च्या सुमारास जन्मलेल्या नाथांचे मातृपितृछत्र बालपणीच हरपले. आजा-आजींनी त्यांचा सांभाळ केला. पुढे देवगिरीस गुरुसेवेत हिशेबाचे काम त्यांच्याकडे आले. एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ रात्रभर जागले आणि ती सापडताच त्यांनी हर्षाने टाळी पिटली, अशी कथा परंपरेने जपली आहे. चोख हिशेब हीच त्यांच्या परमार्थाची पहिली पायरी ठरली.

नाथांनी १५७३ मध्ये काशीस भागवतावरील टीका पूर्ण केली, १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. परंतु सामान्य जनांसाठी या पंडिताने भारुडाचा आश्रय घेतला. ‘अर्जदस्त’ या भारुडात देह हाच शरीराबाद परगणा. तेथील जीवाजी शेकदार व बुधाजी कारकून धन्याकडे दाद मागतात. दंभाजी शेट्या कचेरीत ठाण मांडून बसला आहे, मनीराम देशमुख आपले काम परस्पर साधून घेतो; कामाजी महाजन, ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नाईकवाडी यांचाही उपद्रव आहेच. अखेरीस यमाजीपंतांची तलब येते!

रूपक अध्यात्माचे खरे. तथापि श्रोत्यांना हसू फुटे, ते कचेरीतील अशा मंडळींशी त्यांची गाठ पडत असे म्हणूनच.  दरबारी फारसी शब्दांचेच सोंग उभे करून नाथांनी दरबारी लबाडी चव्हाट्यावर मांडली.

१५९९ मध्ये याच षष्ठीस नाथ समाधिस्थ झाले. पण शरीराबादची कचेरी अद्याप उठलेली नाही. खुर्चीवरचा दंभाजी आपणांस तत्काळ दिसतो. मात्र काम लवकर व्हावे म्हणून हळूच पाकीट पुढे सरकविणारा मनीराम आपल्याच अंतरी दडलेला असतो. स्वखुशीने लाच देणाराही स्वतंत्र अपराधी, असे कायद्याने २०१८ च्या दुरुस्तीत स्पष्ट केले. नाथांच्या अर्जात मात्र देशमुखाचे नाव शेट्याच्याच पंक्तीस होते. भाविकहो, आज भारूड ऐकताना दंभाजीस अवश्य हसावे. आणि घरी परतल्यावर आपल्या वहीतील ती एक पैही शोधावी.