हेडमास्तरांची शिट्टी

नांदेडला शाळांच्या फुटबॉल सामन्यांत मी बरीच वर्षे शिट्टी फुंकली. एकदा लातूरच्या संघातल्या एका मुलाला मी मैदानाबाहेर काढले. गोंगाटात त्याला ते ऐकूच गेले नाही. तो खेळत राहिला, मी ओरडत राहिलो. शेवटी त्याच्या सरांनी दंडाला धरून त्याला बाहेर नेले. भर मैदानात पोर रडले. दुसऱ्या दिवशी मी पिवळा आणि लाल घोटीव कागद आणून दोन तुकडे खिशात ठेवले.

ही युक्ती माझी नव्हे. ती केन ॲस्टन या इंग्रज मास्तरांची. १९१५ साली कोलचेस्टरला जन्मलेले ॲस्टन महायुद्धात आपल्याकडच्या ब्रिटिश हिंदी फौजेत लेफ्टनंट कर्नल झाले. पुढे इलफर्डच्या प्राथमिक शाळेत हेडमास्तर. त्यांच्या शिस्तीबद्दल वेगळे काय सांगावे? धुक्यात लाइन्समनची निशाणे दिसेनात, म्हणून त्यांनी भडक पिवळी निशाणे आणली. पंचाचा निर्णय दिसला पाहिजे, हा ध्यास तेव्हापासूनचा.

त्यांची खरी परीक्षा झाली २ जून १९६२ रोजी, विश्वचषकाच्या चिली-इटली सामन्यात. सँतियागोच्या मैदानावर खेळ कमी आणि लाथाबुक्क्याच जास्त. इटलीच्या फेरिनीला त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच बाहेर काढले, पण तो हलेना. पोलिसांना आत यावे लागले. नंतर इटलीच्याच डेव्हिडलाही काढले. मात्र चिलीच्या सान्चेसने डेव्हिडला ठोसा मारला, त्याला शिक्षा झाली नाही. यजमान चिली २-० ने जिंकला. मला ॲस्टन यांच्याबद्दल आदर आहे, पण इटालियनांचा राग मला समजतो. कडक पंचाने एका बाजूलाच कडक दिसावे, यासारखे दुर्दैव नाही.

१९६६ च्या विश्वचषकात ते पंचांचे प्रमुख होते. वेम्बलीला जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या रातीनला काढले. एकाला जर्मन येते, दुसऱ्याला स्पॅनिश! रातीन कितीतरी मिनिटे हटला नाही. अखेर ॲस्टन यांनीच त्याची समजूत घातली. इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाल्याचे तर वर्तमानपत्रांतून कळले. घरी जाताना केन्सिंग्टनच्या रस्त्यावर सिग्नल लागला. पिवळा दिवा, मग लाल. मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला तो तिथे.

१९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड निघाले १९७४ साली पश्चिम बर्लिनमध्ये, आणि मिळाले कुणाला? चिलीच्याच कार्लोस काझेलीला. ॲस्टन २००१ साली गेले.

माझे कागद घामाने आठवड्यातच लिबलिबीत झाले, मग पुठ्ठ्याचे केले. पुढल्या वर्षी तोच मुलगा लातूरहून आला. पाय आडवा घातला म्हणून मी पिवळा पुठ्ठा वर केला. त्याने एकदा पाहिले, मान डोलावली आणि पडलेल्या मुलाला हात देऊन उठवले.