ल्योंची क्लोदीन आणि पुण्याचे कॉन्व्हेंट

पुण्याच्या लष्कर भागातील ‘कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी’ ही मुलींची शाळा १८६० साली सुरू झाली. पुणेकरांना ती ठाऊक आहे ती इंग्रजी शिक्षण आणि शिस्त यांसाठी. मात्र ज्या कॅथलिक धर्मभगिनींनी ती काढली, त्यांच्या संघाचा आरंभ फ्रान्समधील एका घरात झाला, तेव्हा त्या घरात एक हातमाग, एक कामगार स्त्री आणि एक अनाथ मुलगी एवढेच होते. संघाच्या संस्थापिका संत क्लोदीन तेव्हने यांनी भारत कधीही पाहिला नाही.

रेशीम उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या ल्यों शहरात ३० मार्च १७७४ रोजी क्लोदीनचा जन्म झाला. वडील रेशमाचे व्यापारी. सात भावंडांत ती दुसरी. घरात सुबत्ता होती आणि शिक्षण बेनेडिक्टाईन मठात झाले. फ्रेंच राज्यक्रांतीने हे सारे उधळून लावले. १७९३ मध्ये ल्यों शहर पॅरिसच्या क्रांतिकारी राजवटीविरुद्ध उठले. सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर पडले आणि शहराच्या बाजूने लढलेले क्लोदीनचे दोन भाऊ, लुई आणि फ्रान्स्वा, पकडले गेले. ५ जानेवारी १७९४ रोजी त्यांना इतर कैद्यांसह गोळ्या घालण्यात आल्या. एकोणीस वर्षांची क्लोदीन त्या कैद्यांच्या मागोमाग वधस्थानापर्यंत चालत गेली. आम्ही क्षमा करतो आहोत, तशी तूही कर, असे भावाने तिला बजावले होते.

क्षमा करणे ही शब्दांपुरती गोष्ट नव्हती. त्या दिवसाच्या धक्क्याने क्लोदीनची मान जी थरथरू लागली, ती आयुष्यभर. श्वासाचा त्रासही कायमचा जडला. घराचा घात करणाऱ्यांविषयी तिने वैर धरले नाही. क्रांतीने उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांमधील गरिबांची सेवा तिने पत्करली आणि पुढची वीसेक वर्षे गाजावाजा न करता त्यातच घालवली.

१८१५ मध्ये आंद्रे क्वॅंद्र या तरुण धर्मगुरूंना सेंट निझिए चर्चपाशी दोन बेवारस मुली आढळल्या. त्या मुलींची व्यवस्था करताना क्लोदीनला आपल्या कामाची दिशा गवसली. आधी समविचारी स्त्रियांचे मंडळ झाले, मग ६ ऑक्टोबर १८१८ रोजी क्रुआ-रूस या विणकरांच्या टेकडीवरील घरात संघाची स्थापना झाली. क्लोदीन तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. वृद्ध आईला सोडून आलेल्या त्या पहिल्या रात्री, आपण भलतेच धाडस केले आणि ते फसणार, या भीतीने तिला ग्रासले होते, असे तिने पुढे सांगितले.

काम फसले नाही. १८२० मध्ये संघ फुर्विएर टेकडीवर गेला. मुलींना धर्मशिक्षणाबरोबर लेखन-वाचन, शिवण आणि रेशीम विणण्याचे कसब शिकवले जाई. आश्रमाबाहेर पडल्यावर मुलीला स्वतःची भाकरी मिळवता आली पाहिजे, हा त्यामागचा रोख. दानधर्मावर चालणाऱ्या त्या काळच्या अनाथालयांच्या तुलनेत ही दृष्टी बरीच पुढची म्हणावी लागेल. सर्व मुलींना समान वागवावे, पक्षपात करायचाच तर सर्वांत गरीब आणि खोडकर मुलीच्या बाजूने करावा, अशी क्लोदीनची सहकाऱ्यांना ताकीद असे. पुढे तेथे सधन घरांतील मुलींसाठी वसतिशाळाही निघाली. त्यामुळे भारतातील कॉन्व्हेंट शाळा हा मूळ कार्याला फुटलेला फाटा, असे सरसकट म्हणता येत नाही. दोन्ही धागे संस्थापिकेच्या हयातीतच विणले गेले होते.

मदर सेंट इग्नेशियस या नावाने १८२३ मध्ये त्यांनी व्रते घेतली. तीन वर्षांनी मार्गदर्शक क्वॅंद्र यांचे निधन झाले. १८३१ आणि १८३४ मधील रेशीम विणकरांच्या उठावांनी ल्यों पुन्हा होरपळले. वसतिगृहाची जबाबदारी, पैशांची चणचण आणि खालावत चाललेली प्रकृती यांतच अखेरची वर्षे गेली. आपला संघ दुसऱ्या संघात विलीन करण्याच्या सूचनेला मात्र त्यांनी दाद दिली नाही. ३ फेब्रुवारी १८३७ रोजी फुर्विएर येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १८४२ मध्ये, संघाच्या भगिनी आग्र्याला पोहोचल्या. रोमची मान्यता मिळायला १८४७ साल उजाडले. म्हणजे मान्यतेआधीच भारतातील काम सुरू झाले होते. तेथून अठरा वर्षांनी पुण्याच्या छावणीत शाळा निघाली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ मार्च १९९३ रोजी क्लोदीन यांना संतपद बहाल केले.