काका बाप्टिस्टा : उत्तनच्या घराण्यातील एक लोकसेवक



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी संतांची चरित्रे वाचण्याची आपली जुनी रीत आहे. आज आम्ही जे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत ते मात्र कोणा संताचे नव्हे, तर एका कॅथलिक बॅरिस्टराचे आहे. सेमिनरीत असता आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो, परंतु या आपल्या माणसाचे नाव तेथे आमच्या कानी आले नाही. ती उणीव आज आम्ही भरून काढू इच्छितो.

जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १८६४ साली मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. त्यांचे घराणे मूळचे उत्तनचे. म्हणजे केबिन रोडवरील आम्हां लोकांस ते परके नव्हेत. रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेस गेले की समुद्रकाठी त्यांच्या पूर्वजांचे गाव लागते. पुण्यास अभियांत्रिकीचे व केंब्रिजास पुढील शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले. त्या काळी आपल्या समाजातील पुष्कळांस इंग्रजी राज्याची छाया हाच आधार वाटत असे. बाप्टिस्टांनी ती छाया सोडून लोकमान्य टिळकांचा हात धरिला. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी टिळकांस कायद्याचे साहाय्य केले, आणि १९१६ साली बेळगावी होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद या कॅथलिकाकडे आले. गीतारहस्य लिहिणारा निष्ठावंत हिंदू व बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती एकाच स्वराज्यासाठी झटले. त्यासाठी दोघांपैकी कोणासही आपला धर्म सोडावा लागला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. बाप्टिस्टांच्या हयातीत साष्टीतील पुष्कळ चर्चे पोर्तुगालच्या पाद्रोआदोखाली, म्हणजे राजाच्या धर्माश्रयाखाली होती. येथील धर्माध्यक्षांच्या नेमणुकीत लिस्बनचा शब्द चाले. १९१० साली तेथील राजा पदच्युत झाला. नव्या प्रजासत्ताकाने मठवासीयांस हाकून लाविले, आणि १९११ साली ख्रिस्तसभा व राज्य यांची फारकत करणारा कायदा केला. परंतु पूर्वेकडील पाद्रोआदो मात्र त्याने सोडिला नाही! स्वदेशी धर्माचा छळ करणारे सरकार आमच्या चर्चांवरील हक्क राखून राहिले. राजाश्रयाचे फळ शेवटी असे कडू निघते : आश्रय देणाऱ्याची श्रद्धा आटते, पण त्याची पकड सुटत नाही. मुंबईतील दुहेरी अधिकार १९२८ च्या कराराने मिटला. येथील पाद्रोआदो संपण्यास १९५० साल उजाडले.

उलट, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली व येथील पोर्तुगीज सत्ता लयास गेली, तेव्हा आमच्या पूर्वजांपाशी कोणताही ख्रिस्ती राजा उरला नव्हता. तरीही जपमाळ त्यांच्या हातून सुटली नाही. श्रद्धेस सिंहासनाची गरज नसते, हे त्यांनी आपल्या आचरणाने सिद्ध केले.

बाप्टिस्टांनी केवळ आस्तिकांचीच संगत केली असेही नाही. १९१० साली विनायकराव सावरकरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत ते होते. हेच सावरकर पुढे कडवे बुद्धिवादी म्हणून प्रसिद्धीस आले. १९२० साली आयटक ही कामगारांची अखिल भारतीय संघटना स्थापण्यात बाप्टिस्टांचा वाटा होता. तीत पुढे देव न मानणारे कम्युनिस्टही आले. कामगार उपाशी असता त्याचा धर्म कोणता, हा प्रश्न प्रथम विचारावयाचा नसतो. १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद, ज्यास आज महापौरपद म्हणतात, तेही त्यांनी भूषविले. सर्व जातिधर्मांचे लोक त्यांस प्रेमाने काका म्हणत. १९३० साली ते परलोकवासी झाले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानास आज त्यांचे नाव आहे.

त्यांच्या मागून २० वर्षांनी आपल्या राज्यघटनेने प्रत्येकास सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले, आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेचाच हक्क होय असे शिकविले. हा हक्क आमचा आहे, तसाच आमच्या हिंदु-मुसलमान शेजाऱ्यांचा आहे, आणि देवास न मानणाऱ्याचाही आहे. जो तो दुसऱ्यास नाकारील, त्याच्या स्वतःच्या हाती तो फार दिवस राहणार नाही.

काहींस भय वाटते की राज्य निधर्मी असले म्हणजे मुले नास्तिक होतील. आम्ही इतकी वर्षे धर्मसेवा केली. आमचा अनुभव निराळा आहे. सरकारी कायद्यामुळे देवास विसरलेला तरुण आम्हांस क्वचितच आढळला. घरात सायंप्रार्थना बंद पडल्यामुळे, वडीलधाऱ्यांचे बोलणे एक व करणे दुसरे असल्यामुळे, आणि आम्हां धर्मगुरूंच्या आळसामुळे विसरलेले मात्र पुष्कळ आढळले. तेव्हा ज्युबिलीच्या या वर्षी आपण राज्याकडे कृपा न मागता न्याय मागावा, आणि कृपा परमेश्वराकडे मागावी. काका बाप्टिस्टांच्या आत्म्यास प्रभू चिरशांती देवो, व त्यांच्यासारखे लोकसेवक आमच्या धर्मग्रामातून निपजोत, हीच आमची प्रार्थना.